राखाडी अंगठा

पंखा उचलला आणि खाली अंगठा दिसला.

म्हणजे अंगठ्याचा ठसा. कंप्यूटरच्या पेटीत प्रोसेसरला दाबून धरणारा जो स्टीलचा पत्रा असतो, त्याच्या कोपऱ्यावर, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडं जावी म्हणून मधे लावतात त्या राखाडी पेस्टमध्ये उमटलेला. वाळून दगड झालेला, पण रेषा न् रेषा शाबूत. मधून एक तिरपी चीर गेली होती, पेस्ट वाळताना तडकली असेल. बाकी सगळ्या डब्यात धुळीचे बोळे होते, एक वाळकं झुरळ होतं, कोपऱ्यात कधीकाळी हरवलेला स्क्रू होता. पंख्याच्या आडोशाला मात्र धूळ पोचली नव्हती, त्यामुळं हा ठसा असा स्वच्छ, जसा काही कुणी आत्ता उमटवून बाहेर चहाला गेलंय. पंखा माझ्या उजव्या हातात लोंबत होता. डावा हात मोकळा होता, पण डावा दंड मोकळा नव्हता. तिथं कुणीतरी बोट रुतवलं. मी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीवर बजरंगचा फोटो, हार घातलेला, प्लास्टिकचा, कारण खऱ्या हाराला रोज कोण बसलंय.

मी त्याचं नाव घेते. जिवंत असताना घेतलं नाही, ‘हे’ आणि ‘अहो’ करत बारा वर्षं काढली. आता घेते. बजरंग. माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी उमरग्याच्या बायपासला मोटारसायकलसकट ट्रकखाली गेला. दुकानावर पाटी अजून त्याचीच आहे, बजरंग कॉम्प्युटर्स, आणि दुकानात येणारा प्रत्येक माणूस खुर्चीवर बसायच्या आधी फोटोकडं बघून च्च् च्च् करतो. लई गुणाचं लेकरू होतं, म्हणतो. स्वतःच्या हातानं कंप्यूटर बनवला होता पठ्ठ्यानं, सुटे भाग आणून. मी मान हलवते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होता तेव्हा बोलायची सोय नव्हती, मेल्यावर बोलायचं नाही, मग बाईनं बोलायचं तरी कधी?

मशीन पार थकली होती. सकाळी बटण दाबायचं, मागच्या खोलीत जाऊन चहा ठेवायचा, पिऊन भांडी विसळायची, तरी ही उठलेली नसायची. सातबारा काढायचा, दाखले भरायचे, पेन्शनवाल्यांचे अंगठे घ्यायचे, एवढंच तर दुकान आमचं. आणि अंगठ्यातच ती अडकायची. सीमेपल्याडच्या कानडी खेड्यातला गुंडाप्पा म्हातारा दर आठवड्याला एसटीनं यायचा, काचेवर अंगठा ठेवायचा. जन्मभर दगड फोडून रेषा आधीच पुसट झालेल्या, यंत्र कसंबसं वाचायला लागायचं, तेवढ्यात मशीन गप्प व्हायची आणि पडद्यावर ‘वेळ संपली’. म्हातारा अंगठा स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून बघायचा. “यव्वा, अंगठा मेला काय माजा? मी तर जित्ता हाय की.” मी म्हणायचे, अंगठा पुसून घ्या, परत ठेवा. दिवसभर माझ्या तोंडात हेच वाक्य. अंगठा पुसून घ्या. झोपेतसुद्धा बोलत असेन. लोक कंटाळले, बसस्टँडजवळ नवं सेंटर झालं तिकडं जायला लागले. गुंडाप्पा तेवढा येत राहिला, कारण तिकडची पोरं त्याच्यावर खेकसायची.

मग दीर बोलले. शिवशंकर धाराशिवला पतसंस्थेत आहेत, रविवारी आईला भेटायला येतात. गेल्या रविवारी आले ते एका मोबाइलवाल्याला घेऊनच. त्यानं शटर मोजलं, टेपनं, माझ्या डोक्यावरून. “वैनी, मशीन चालतच न्हाय, तर जागा कशाला अडकवायची? पुढच्या रविवारी करार करू. मशीन दादाची आठवण म्हणून आईच्या खोलीत ठेवू.” जागा सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांचा अंगठा झाला की शटर मोबाइलवाल्याचं आणि मी मागच्या खोलीत, आठवणीशेजारी, दुसरी आठवण. मी म्हणलं, “भाऊजी, तोवर मी चालती करते.” ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. “तुम्ही? अहो, दादानं बनवलेली मशीन हाय ती. त्यात हात घालायला दादाच पायजे.”

म्हणून आज, कराराच्याच रविवारी, दुपारी शटर अर्धं ओढून ही पेटी आडवी केली. सोलापूरहून जुना प्रोसेसर मागवला. जुनाच. या बोर्डावर आता नवा बसत नाही, त्याच पिढीतला, फक्त ताकदीचा बसतो. कुणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनमधून काढलेला, स्पंजमध्ये दाबून आलेला. मेलेल्याचं काळीज काढून आजाऱ्याला बसवतात तसलाच प्रकार. कसं करायचं ते फोनवर पाहून पाठ केलं. हिंदीतला एक माणूस सांगत होता, पहले पावर निकालिए, घबराइए मत. घबराइए मत तो इतक्या वेळा म्हणला की घाबरण्यासारखं काही असावं असं वाटायला लागलं. पंख्याच्या चार खुंट्या फिरवून वर ओढल्या. निघेना. पेस्ट धरून बसली होती. डावीउजवीकडं पिळला, खरवडल्यासारखा आवाज आला, मांस सुटल्यासारखा, आणि सुटला. आणि खाली तो.

‘धरणं’ हा शब्द आमच्या घरात वेगळा चालायचा. बजरंग मारायचा नाही. हे मी माहेरी छाती पुढं काढून सांगितलेलं आहे, ते मारत नाहीत. तो धरायचा. दंडाला, कोपराच्या वर, चार बोटं बाहेरून आणि अंगठा आतून, जिथं मऊ असतं तिथं. आणि हळू बोलायचा. ओरडलाच नाही कधी. पहिल्यांदा धरलं ते एका लग्नपत्रिकेवरून. त्यानं नवरीचं नाव चुकीचं टाइप केलं होतं आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणलं, अहो, तिथं वेलांटी पहिली पाहिजे. गिऱ्हाईक हसलं. शटर ओढल्यावर मागच्या खोलीत त्यानं धरलं. “वेलांटी पहिली, न्हाय का? पहिली.” एवढंच म्हणत राहिला, आणि अंगठा आत जात राहिला. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला. सासूबाई ऐकायला कमी येतंय म्हणून वाढवत नव्हत्या, जास्त येतंय म्हणून वाढवत होत्या. दुसऱ्या दिवशी दंडावर अंगठा उमटलेला, आधी जांभळा, मग हिरवा, मग लिंबासारखा पिवळा. तो जाईपर्यंत दुसरा तयार. मी कोपराच्या खाली येणाऱ्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. शिवणारी म्हणली, शहरातली फॅशन दिसती. मी म्हणलं, व्हय. सासूबाई म्हणायच्या, जरा धरलं म्हणून काय झालं, बाप्याचा हात हाय, फूल थोडंच हाय. आणि मशीन. मशीनला तर हात लावायचाच नाही. किबोर्डपुरता माझा हात, डब्याच्या आत त्याचा. दिवाळीला तो पेटी उघडायचा, ब्रशनं धूळ झाडायचा, आणि मी दारातनं बघितलं तरी म्हणायचा, लांब हो, करंट बसंल. आता त्या बंद डब्याच्या आत, जिथं माझा हात पोचू नये, तिथंच हा अंगठा निघावा? राखेसारख्या पेस्टमध्ये? बायपासवरनं आणला तेव्हा हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेले होते. मी बघितले नव्हते. उघडून बघायचे होते मला, रडायला नव्हे, खात्री करायला.

मी कामाला लागले. घबराइए मत. जुन्या प्रोसेसरवरची पेस्ट स्पिरिटच्या फडक्यानं पुसली. फडकं काळंराखाडी झालं, खाली धातू चकाकला. दांडी दाबून बाजूला सरकवली, पत्रा वर उघडला, पत्र्याबरोबर ठसाही उघडला, तोंड फिरवल्यासारखा. जुना प्रोसेसर कडेला धरून उचलला. खाली सोन्याच्या केसांसारख्या बारीक पिना, हजारभर, सगळ्या एका दिशेला कललेल्या, वाऱ्यातल्या ज्वारीसारख्या. एकीला नख लागलं तरी संपलं. मी श्वास धरला. नव्याचा सोनेरी त्रिकोण खुणेला जुळवला, सोडला. तो स्वतःच बसला, बसल्याचं कळलं. पत्रा मिटवला, दांडी खाली दाबताना करकर आवाज झाला, मला वाटलं फुटलं, पण हिंदीवाल्यानं सांगितलं होतं, आवाज येणार. ठसा परत माझ्याकडं तोंड करून. त्याला पुसायची काही गरज नव्हती. तो पत्र्यावर होता, कामाच्या जागेत नव्हता, राहिला असता तर मशीनचं काही बिघडत नव्हतं. माझं बिघडत होतं. वरनं पंखा बसवला की तो परत आत, अंधारात, मी दिवसभर टेबलाशी आणि तो माझ्या गुडघ्यापाशी, गरम होत. मी स्पिरिटची बाटली उघडली.

“काय करतीस गं?”

सासूबाई मागच्या दारात. तुळजाबाई. पदर डोक्यावर, हातात निवडायची मेथी. मी म्हणलं, “साफ करतेय, आत्या.” त्या जवळ आल्या, पेटीत वाकल्या, आणि मेथी खाली ठेवली. त्यांना कागद वाचता येत नाही, पण अंगठा येतो.

“बजरंगाचा हाय?”

मी फडक्यावर स्पिरिट ओतलं.

त्यांनी हात जोडले. धुळीच्या डब्याला, पंख्याच्या वायरींना, त्या ठशाला. ओठ हलत होते. मग डोळे पुसून म्हणल्या, “पुसू नगंस. समदं गेलं त्याचं, कपडं वाटली, गाडी भंगारात गेली. एवढंच ऱ्हायलंय बघ माझ्या लेकराचं.”

एवढंच राहिलंय. माझ्या दंडावर कितीक होते तेव्हा कुणी हात जोडले नाहीत. “आत्या, सरका,” मी म्हणलं आणि फडकं पुढं नेलं. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हातारी, पण भाकरी थापून हात घट्ट, आणि अंगठा आतल्या बाजूनं, बरोबर शिरेवर. तसाच. मी ओरडले नाही. मी फक्त त्यांच्या हाताकडं बघितलं आणि मग त्यांच्याकडं. त्यांनीही आपल्या हाताकडं बघितलं. मग हात असा सोडला, जसं चुलीतलं लाकूड चुकून विस्तवाकडनं धरलं गेलं असावं. बराच वेळ पदराला हात पुसत राहिल्या. “तुझा सासरा बी...” म्हणल्या, आणि थांबल्या. “ह्या घरातलं हातच तसलं.”

मी मोबाइलचा टॉर्च लावला. का लावला कोण जाणे, पुसायच्या आधी नीट बघून घ्यावं म्हणून असेल, ज्याला भ्यायचं त्याचं तोंड तरी बघावं. उजेड तिरपा पडला आणि रेषा उठल्या, पिकाच्या तासांसारख्या. ठसा लहान होता. बजरंगचा अंगठा रुंद, नख चपटं, माझ्या दंडाला त्याचं माप पाठ आहे. हा अरुंद. आणि ती मधली चीर. तडा वाकडातिकडा जातो, ही सरळ होती, सुरीनं आखल्यासारखी, आणि दोन्ही बाजूंच्या रेषा तिच्यापाशी जराशा चुकलेल्या, तुटून परत जोडल्यासारख्या. मी माझा उजवा अंगठा उजेडात धरला. बारावीच्या उन्हाळ्यात विळीवर भोपळा कापताना गेला होता आरपार. आईनं हळद दाबून बांधला होता. त्या व्रणामुळंच यंत्र माझा उजवा घेत नाही, डावा लावावा लागतो. नव्या पेस्टच्या नळीतनं थेंबभर पेस्ट अंगठ्याला लावली आणि प्रोसेसरच्या खोक्याच्या झाकणावर दाबली. तीच चीर. तोच कल. तीच चुकलेली रेष.

आणि मग तो दिवस आला. आपण आठवत नाही, असले दिवस स्वतःच येतात, न विचारता. लग्नाला महिना झाला होता. याच खोलीत, तेव्हा शटर नव्हतं, पोतं टाकून आम्ही दोघं बसलेलो, मधोमध उघडी पेटी. बजरंगच्या हाताला घाम यायचा, भीतीनं. इतक्या बारीक पिना बघून त्यानं प्रोसेसर माझ्यापुढं केला. “वर्षा, तू बसव,” म्हणला. “माझ्यानं न्हाय हुणार.” मी बसवला. पेस्ट कशी लावायची दोघांनाही माहीत नाही. मी म्हणलं, टिळा लावतात तशी लावू का, आणि अंगठ्यानं चोपडली, आख्खी नळी, सणाला भिंत सारवावी तशी. चूक होतं ते, तुरीच्या दाण्याएवढी पुरते. पण आम्हाला कोण सांगणार. तो हसत होता. “आता इथं पत्र्यावर बी एक टिळा लाव. घरच्या लक्ष्मीच्या हातानं पूजा झाली पायजे मशीनची.” मी अंगठा दाबला. त्यानं माझा राखाडी अंगठा धरून स्वतःच्या कपाळाला लावला. दिवसभर तसाच हिंडला गावात, कपाळावर राखाडी टिळा घेऊन, लोक विचारायचे, कुठल्या देवाला गेला होतास. असा होता. एक दिवस, दोन महिने, किती ते, असा होता. हे मी पार पुरून टाकलं होतं. वाईट आठवणींशी माझं जमतं, त्यांच्याशी भांडता येतं. ह्याच्याशी काय करायचं? नंतर त्यानं सगळ्यांना सांगितलं, मी बनवला. गावानं सांगितलं, बजरंगनं बनवला. गिऱ्हाइकांना मीच सांगायला लागले, ह्यांनी बनवला. इतक्या वेळा, की मला खरंच तसं वाटायला लागलं. दंड धरून त्यानं माझ्यातनं काय काढून घेतलं ते मला वाटलं होतं मी मोजलंय. हे मोजलंच नव्हतं.

“आत्या,” मी म्हणलं. आवाज माझाच होता का कुणास ठाऊक. “हा त्यांचा न्हाय. माझा हाय.”

“येडी हायस का?”

मी खोक्याचं झाकण त्यांच्यासमोर धरलं. मग ठशाशेजारी माझा अंगठा. त्यांनी मला टॉर्च धरायला लावला, पेटीत डोकं घालून बघितलं, माझा अंगठा ओढून डोळ्याशी नेला, व्रणावरनं आपलं नख फिरवलं. मेथीच्या मातीचा वास येत होता त्यांच्या बोटांना. मघाशी जोडलेले हात आता कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

“मग त्यो म्हणत हुता म्या केलं, म्या केलं...”

“म्हणत होते.”

“आन् तू?”

“मी पण तेच म्हणत होते.”

त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. मेथी उचलली. “तुझा हाय तर तुझं तू बघ,” म्हणल्या आणि आत गेल्या. टीव्ही लागला नाही.

मी ठसा पुसला नाही. ठेवलाही नाही म्हणता येणार, नुसती दाण्याएवढी नवी पेस्ट प्रोसेसरवर टाकून पंखा वर बसवला, चार खुंट्या दाबल्या, टक, टक. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेलेला होता, तो बदलला. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, परत फिरला. तेवढ्यात शटरखालून शिवशंकर वाकून आत आले, हातात प्लास्टिकची फाइल आणि स्टॅम्पपॅड. उघडी पेटी बघून थबकले. “वैनी, दादाची मशीन उचकली तुम्ही?” मी म्हणलं, “चालू होतीय.” पडदा काळा होता. त्यांनी आईला हाक मारली, पॅड उघडलं, कागद टेबलावर पसरला. “आई, हितं अंगठा लाव.”

सासूबाई आल्या. कागदाकडं बघितलं, पॅडकडं बघितलं. अंगठा मुठीत धरलेला.

“माझा अंगठा उठतुय कुठं, बाबा? बँकेत उठत न्हाय, रेशनला उठत न्हाय.”

“आई, ती मशीन हाय. ही शाई हाय.”

“शाईवर बी उठत न्हाय.”

“तू लावून तर बघ!”

“झिजलाय म्हणत्यात समदे. दुकानाचं तिला इचार. पेटी तिनं केलीया.”

“दादानं केलीया, आई!”

“तू बघाया हुतास? तवा तू शाळंत, नाक गळत हुतं तुझं. मी ह्याच घरात हुते, तरी मला ठावं न्हवतं. तुला कसं ठावं?” आणि मूठ पदराखाली घेतली. शिवशंकर माझ्याकडं बघत राहिले, मी काहीतरी खाऊ घातलंय आईला, अशा नजरेनं. स्टॅम्पपॅडचं झाकण लावताना त्यांचं बोट जांभळं झालं. “बघू कसं चालवताय ते,” म्हणले. जाताना डोक्याला शटर लागलं.

पडद्यावर अक्षरं आली होती. नवा प्रोसेसर दिसतो, पुढं जायचं तर बटण दाबा. मी दाबलं. मशीन उठली, चहासुद्धा ठेवता आला नसता इतक्या लवकर. पण एकही साइट उघडेना. सगळीकडं धोक्याची लाल पाटी. मग खाली कोपऱ्यात लक्ष गेलं. सेल काढल्यावर तारीख मागं गेली होती, बोर्ड कारखान्यात बनला त्या सालाला. माझ्या लग्नाच्या आधीच्या. मशीनच्या मते मी अजून माहेरी होते, अंगठ्यावरचा व्रण ताजा होता, बजरंग नावाचा कुणी नव्हता, हा फोटो नव्हता. मी तिला तिथंच राहू दिलं थोडा वेळ. पंख्याचा आवाज येत होता. त्याच्याखाली, गरम होत, तेव्हाची वर्षा बसली होती, पोत्यावर मांडी घालून, राखाडी अंगठा वर धरून, हसणारी. इतकी वर्षं मला वाटायचं डब्यात बजरंग आहे.

मग साल पुढं सरकवायला लागले. एकेक. पोत्यावरचं साल. वेलांटीचं साल. लांब बाह्यांची सालं, ती बरीच होती, त्यात बोट जड झालं. बायपासचं साल. त्याच्या पुढचं. थांबले, आजची तारीख घातली, आणि लाल पाटी गेली.

“यव्वा, चालू झाली काय?” शटरखाली गुंडाप्पाचे पाय दिसत होते, मग काठी, मग वाकलेलं डोकं. रविवार असूनही आला होता.

मी शटर वर ढकललं. खुर्ची पुढं केली, काचेचं यंत्र पुढं केलं. माझ्या अंगठ्यावर अजून पेस्ट होती.

“झाली,” म्हणलं. “बसा. अंगठा पुसून घ्या.”